सुफ्रेनच्या मागे, मद्रास ते त्रिंकोमाली

२७ ऑगस्ट, चेन्नई

माझगावात पाणबुड्यांच्या कामासाठी फ्रेंच इंजिनियर येऊन राहिले होते, तेव्हाची गोष्ट. त्यातला एक जण टपरीवरचा चहा पिता पिता मला म्हणाला, "आमच्या सुफ्रेनला तुमच्या मुंबईच्या गोदीनं हरवलं." मला वाटलं, हा फुटबॉलचं काहीतरी सांगतोय. नोकरीची बत्तीस वर्षं गोदीत काढली, जहाजांची बुडं खरवडण्यापासून दुरुस्तीच्या देखरेखीपर्यंत सगळं केलं, पण हे नाव कधी कानावर पडलं नव्हतं. सुफ्रेन म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच आरमाराचा सेनापती, याच किनाऱ्यावर इंग्रजांशी लढलेला. निवृत्त झाल्यावर वाचत बसलो. वाचून भागेना, म्हणून आज पहाटेच्या विमानानं चेन्नईला उतरलो. इथे नोकरीला असलेली भाची आठवडाभर रजा काढून सोबत येतेय. तिच्या दोन अटी: दिवसातून दोनदा फिल्टर कॉफी, आणि जेवताना 'डोलकाठी' हा शब्द काढायचा नाही.

संध्याकाळी मरीनाच्या वाळूत जाऊन बसलो. कोकणातली लाट येते, पसरते, मागे जाते. इथली लाट येऊन आपटते. आणि आडोसा कुठेच नाही. ना खाडी, ना बेट, ना समुद्रात शिरलेली डोंगराची सोंड. आजचं चेन्नई बंदर भिंती घालून केलेलं, तेही एकोणिसाव्या शतकात उशिरा. त्याआधी जहाजं दूर उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्याला यायचा. मसुलाच्या फळ्यांना खिळा नाही. काथ्यानं शिवलेल्या. लाट आपटली की होडी मोडायची नाही, वाकायची. ज्या सुतारांनी हे शोधून काढलं त्यांना मी वाळूत बसूनच हात जोडले.

१५ फेब्रुवारी १७८२ ला सुफ्रेन याच पाण्यात येऊन उभा राहिला. समोर सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला इंग्रज आरमाराचा सेनापती सर एडवर्ड ह्यूज याची नऊ लढाऊ जहाजं होती. सुफ्रेन बावन्न वर्षांचा होता आणि ताफ्याचा सेनापती होऊन त्याला सहाच दिवस झाले होते. खरा सेनापती द'ऑर्व्ह ९ फेब्रुवारीला वाटेतच वारला.

"बावन्नाव्या वर्षी मोठं प्रमोशन," भाची म्हणाली. "म्हणजे तुझ्याच खात्यातला दिसतोय."

तसंच काहीसं होतं. पियेर आंद्रे द सुफ्रेनचा जन्म १७ जुलै १७२९ चा, दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्सातल्या सॅं-कना गावच्या गढीतला. बाप मार्क्विस, पण हा तिसरा मुलगा. इस्टेट थोरल्याची, धाकट्यांनी देवधर्मात जावं नाहीतर आरमारात. यानं दोन्ही केलं. पंधरा वर्षांचा व्हायच्या आतच तुलाँच्या लढाईत तोफांचा धूर खाल्ला, आणि पुढे माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथात शिरला. त्या पंथाचे सरदार ब्रह्मचारी, आणि भूमध्य समुद्रात चाच्यांचा पाठलाग करत आयुष्य घालवणारे. त्याच्या नावामागे 'बेयी' लागतं, ती पदवी तिथलीच.

इंग्रजांनी त्याला दोनदा कैद केलं. पहिल्यांदा १७४७ मध्ये. दुसऱ्यांदा १७५९ मध्ये, पोर्तुगालच्या लागोस किनाऱ्यावर. पोर्तुगाल त्या लढाईत तटस्थ, त्यामुळे फ्रेंच जहाजांना वाटलं आपण वाचलो. इंग्रजांनी तटस्थपणा धाब्यावर बसवला, फ्रेंच निशाणाचं जहाज जाळलं आणि त्यावरच्या सुफ्रेनला उचलून नेलं. ही गोष्ट त्यानं बावीस वर्षं मनात ठेवली असावी. कारण मार्च १७८१ मध्ये पाच जहाजं घेऊन तो ब्रेस्टहून निघाला, आणि १६ एप्रिलला केप व्हर्दच्या पोर्तो प्राया बंदरात इंग्रजांचा ताफा नांगर टाकून निवांत पाणी भरताना त्याला दिसला. बंदर पुन्हा पोर्तुगालचं, पुन्हा तटस्थ. सुफ्रेन सरळ आत घुसला आणि तोफा सुरू केल्या. मागच्या कप्तानांची तयारी नव्हती, दोन कप्तान मेले, एका जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या गेल्या. लढाई म्हणून फसलीच. पण इंग्रजांचा तो ताफा दक्षिण आफ्रिकेतलं, फ्रेंचांच्या दोस्त डचांचं केप घ्यायला निघाला होता. तो सावरेपर्यंत सुफ्रेन आधी जाऊन तिथे पोचला आणि केप वाचलं.

"म्हणजे जिंकला की हरला?" भाचीनं विचारलं.

हा प्रश्न ती पुढचे आठ दिवस विचारणार आहे.

२८ ऑगस्ट, सद्रास

किनाऱ्यालगतच्या ईसीआर रस्त्यानं दक्षिणेला सत्तरेक किलोमीटर. कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या अलीकडे पलीकडे करत गाडी सदुरंगपट्टिनमच्या किल्ल्यापाशी थांबली. डच लोक याला सद्रास म्हणायचे. विटांचा किल्ला, बैठा, समुद्राकडे तोंड. दारातून आत गेल्यावर कोठाराच्या लांब भिंती, गवत, दोन शेळ्या, आणि आम्ही दोघं. दफनभूमीला कुलूप होतं. राखणदार कुठून तरी किल्ली घेऊन आला. डच कबरींचे सपाट दगड, त्यांवर एवढी बारीक कोरीव अक्षरं की बोट फिरवलं तर प्रत्येक वळण लागतं. एका दगडावरच्या जहाजाच्या कोरीवकामाजवळ मी चांगली दहा मिनिटं उकिडवा बसलो. शिडांच्या दोऱ्या मोजत होतो. मग गुडघा धरला आणि राखणदारानं हात देऊन उठवलं.

ह्यूजशी झालेल्या पाच लढायांतली पहिली लढाई इथून दिसते त्या पाण्यात झाली, १७ फेब्रुवारी १७८२ ला. मद्रासला इंग्रज तोफांच्या माऱ्याखाली घुसणं शक्य नव्हतं, म्हणून सुफ्रेन दक्षिणेला वळला. त्याच्याबरोबर इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीच्या मदतीसाठी आणलेलं सैन्य होतं, ते उतरवायचं होतं. ह्यूज रात्री गुपचूप निघाला, लढाऊ जहाजांना वळसा घालून मागच्या मालवाहू जहाजांवर पडला आणि सहा जहाजं घेऊन गेला. त्यातल्या एकावर सैन्याचा दारूगोळा होता. सुफ्रेनचा काय पारा चढला असेल!

त्या काळची आरमारी लढाई म्हणजे दोन समांतर रांगा. तुझं पहिलं जहाज माझ्या पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी, आणि दिवसभर धडाधडी. पंगतीत समोरासमोर बसल्यासारखं. सुफ्रेनला हे पटत नव्हतं. शत्रूच्या रांगेचं शेपूट धरायचं, त्याला दोन्ही बाजूंनी चेपायचं, पुढची जहाजं वळून येईपर्यंत मागची संपवायची, असं त्याचं गणित. सद्रासला त्यानं तेच मांडलं. स्वतः 'हेरो' जहाज घेऊन पुढे गेला आणि मागच्यांना खूण केली. त्याचा दुय्यम अधिकारी त्रोमलँ आणि त्याच्या मागचे कप्तान लांबच राहिले. तरीसुद्धा इंग्रजांच्या शेपटाला असलेलं 'एक्झिटर' जहाज चाळणी झालं. त्याचा कप्तान मेला, ह्यूजच्या स्वतःच्या 'सुपर्ब'चाही कप्तान मेला. 'एक्झिटर'वर कमोडोर किंगला विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, बुडेपर्यंत लढायचं, दुसरं काय. मग वारा फिरला, अंधार पडला, आणि दोन्ही ताफे आपापली जखम धरून बाजूला झाले.

कप्तानांनी का ऐकलं नाही, यावर फ्रेंच लोक अजून भांडतात. काहींना त्याची योजनाच समजली नव्हती, कारण हा गृहस्थ ती कुणाला नीट समजावून सांगायचा नाही. काहींचं त्याच्याशी पटत नव्हतं. गोदीत मी असे हुशार साहेब पाहिलेत. डोक्यात सगळं पक्कं असतं, कागदावर एक रेघ नसते, आणि काम बिघडलं की खालच्यांवर ओरडतात. तेव्हा माझा थोडा जीव त्या कप्तानांकडेही आहे.

संध्याकाळी पुदुच्चेरी.

२९ ऑगस्ट, पुदुच्चेरी

सकाळी सुफ्रेन रस्ता शोधायला निघालो. रिक्षावाल्याला "सुफ्रेन स्ट्रीट" असं तीनदा सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि एका भगव्या रंगाच्या कपड्यांच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं. त्यानं 'सॅफ्रन' ऐकलं होतं. शेवटी चालतच गेलो. व्हाइट टाउनमधली छोटीशी गल्ली, पिवळ्या भिंती, बोगनवेल, आणि कोपऱ्यावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, तमिळमध्ये आणि फ्रेंचमध्ये. पाटीखाली एक बाई इडलीचं पीठ वाटून आणत होती. भाचीनं माझा फोटो काढला. मी पाटीकडे बोट दाखवतोय, जसं काही माझ्या काकांच्या नावाचा रस्ता आहे.

गंमत अशी की ज्या शहरात त्याचा रस्ता आहे ते त्याच्या काही कामाचं नव्हतं. इंग्रजांनी १७७८ मध्ये पाँडिचेरी घेतली होती आणि तटबंदी पाडून टाकली होती. या किनाऱ्यावर फ्रेंचांच्या हातात तेव्हा धड एक धक्कासुद्धा नव्हता.

इथे मुंबईचा मुद्दा येतो, आणि कॉफीची दुसरी वाटी येईपर्यंत मी तो भाचीला समजावला. लाकडी जहाज उष्ण पाण्यात सहा महिने राहिलं की बुडाला शेवाळ-शिंपल्यांचा थर चढतो आणि लाकूड पोखरणारे किडे आत शिरतात. जहाज मंद होतं, मग गळायला लागतं. उपाय दोन. बुडाला तांब्याचा पत्रा ठोकायचा, किंवा वेळोवेळी सुक्या गोदीत घेऊन खरवडायचं. इंग्रजांकडे मुंबईला १७५० पासून दगडी सुकी गोदी होती आणि ती चालवणारी पारशी वाडिया घराण्याची माणसं होती. ह्यूज लढाया मारून मुंबईला जायचा, बूड खरवडून, डोलकाठ्या बदलून परत यायचा. सुफ्रेनची काही जहाजं पत्र्याची, काही बिनपत्र्याची. सगळ्यांचा वेग सारखा कधीच नाही. त्याची सर्वांत जवळची गोदी मॉरिशसला. तिकडे गेलं की तीन-चार महिने किनारा इंग्रजांचा. म्हणून तो गेलाच नाही. उघड्या समुद्रात नांगर टाकून, लाटांवर हेलकावे खात, सुतारांकडून जहाजं दुरुस्त करून घेत राहिला.

"अरे, पण डोलकाठी कुठून आणायची?" भाचीनंच विचारलं. जेवण नव्हतं, कॉफी होती, त्यामुळे अट मोडली नाही.

फ्रिगेट म्हणजे हलकं, चपळ जहाज. अशा छोट्या फ्रिगेटच्या काढून मोठ्या जहाजाला लावायची. फ्रिगेट मग उघडंबोडकं. गोदीत आम्ही याला 'एकाचं औषध दुसऱ्याला' म्हणायचो.

३० ऑगस्ट, कडलूर

पुदुच्चेरीहून पंचवीसेक किलोमीटर. इथे देवनंपट्टिनमच्या सिल्व्हर बीचजवळ गडीलम नदीच्या काठी सेंट डेव्हिड किल्ल्याचे उरलेसुरले विटांचे तुकडे आहेत. पाहण्यासारखं फार नाही. तरी मी इथे हट्टानं आलो, कारण हा किल्ला इंग्रजांना विकला मराठ्यांनी. राजाराम महाराज रायगडाहून निसटून जिंजीला येऊन राहिले होते आणि औरंगजेबाचं सैन्य मागावर होतं. पैशांची निकड होती. १६९० मध्ये सौदा झाला: किल्ला आणि किल्ल्यावरून उडवलेला तोफेचा गोळा जिथपर्यंत पडेल तिथपर्यंतची जमीन. इंग्रजांनी अर्थातच लांब पल्ल्याची तोफ निवडली. त्या टापूतल्या गावांना 'गुंडू ग्रामम', गोळ्याची गावं, असं नाव पडलं. वाळूवर उभं राहून आम्ही अंदाज करत होतो, गोळा कुठवर गेला असेल. जवळ खेळणाऱ्या पोरांना वाटलं आम्ही पतंग शोधतोय.

एप्रिल १७८२ मध्ये फ्रेंच आणि हैदरच्या सैन्यानं कडलूर घेतलं आणि सुफ्रेनला पाय टेकायला गाव मिळालं. बंदर नव्हे, गाव. जुलैअखेर हैदर अली मोठं सैन्य घेऊन त्याला भेटायला आला. सुफ्रेन इतका लठ्ठ होता की मांडी घालून बसता येईना. हैदरनं त्याच्यासाठी उशा मागवल्या आणि जमेल तसं बसा म्हणाला, असं सांगतात. दोघांची चांगली गट्टी जमली. पण सुफ्रेनला वेळ फार उशिराची मिळाली होती. दोन वर्षांपूर्वी मराठे, निजाम आणि हैदर एकत्र येऊन इंग्रजांना चहूकडून घेरत होते. हा किनाऱ्याला लागला तेव्हा मराठे बाहेर पडायच्या बेतात होते. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. नाना फडणवीस शिक्कामोर्तब करायला रेंगाळले खरे, पण डिसेंबरात हैदर वारला आणि तो विषयही संपला.

याच गावातली दुसरी गोष्ट सांगितल्यावर भाची बराच वेळ बोलली नाही. समुद्रावर पकडलेले इंग्रज कैदी ठेवायला सुफ्रेनकडे जागा नव्हती, खायला घालायला धान्य नव्हतं. अदलाबदल करा म्हणून त्यानं मद्रासला निरोप धाडले, तिथून होकार येईना. मग त्यानं ते कैदी हैदरच्या ताब्यात देऊन टाकले. त्यात 'हॅनिबल' जहाजावरचा जेम्स स्करी नावाचा पोरगा होता. म्हैसूरच्या कैदेत त्याची दहाएक वर्षं गेली.

"तो स्वतः दोनदा कैदेत राहिला होता ना?" ती म्हणाली.

हो. दोन्ही वेळा बरा वागवला गेला होता.

या गोष्टीची फ्रेंच पुस्तकं परिस्थितीच्या नावावर बोळवण करतात. परिस्थिती होती, हे खरं. पण नोकरीत मलाही कधी कधी अडचणीचं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळं व्हावं लागलंय, आणि ते करताना आपण काय करतोय हे माणसाला पक्कं ठाऊक असतं.

पाचवी आणि शेवटची लढाईही इथलीच, २० जून १७८३ ची. इंग्रज सेनापती स्टुअर्टनं कडलूरला वेढा घातला होता. आत फ्रेंच सैन्याचा म्हातारा सेनापती बुसी संधिवातानं गांजलेला. समुद्रात ह्यूजची अठरा जहाजं, सगळी तांब्याच्या पत्र्याची. सुफ्रेनकडे पंधरा, निम्मी गळकी, आणि माणसं कमी. त्यानं बुसीकडून बाराशे सैनिक उसने घेऊन तोफांवर उभे केले. राजाचा नवा हुकूम होता की सेनापतीनं मोठ्या जहाजावर नाही, फ्रिगेटवरून लढाई चालवायची, कारण आदल्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये एक फ्रेंच सेनापती आपल्या जहाजासकट पकडला गेला होता. तो मुकाट्यानं 'क्लेओपात्र' फ्रिगेटवर गेला. अडीच-तीन तास धुमश्चक्री झाली, जहाज कुणाचंच बुडालं नाही. पण ह्यूजच्या जहाजांवर पाण्याची टंचाई आणि स्कर्व्हीच्या आजारानं माणसं पडलेली. तो मद्रासला निघून गेला. सुफ्रेननं कडलूरला नांगर टाकला आणि उसने सैनिक परत केले. वेढा आता समुद्राकडून उघडा पडला होता. २९ जूनला पांढरं निशाण लावून इंग्रज फ्रिगेट आलं: युरोपात तह झालाय, थांबा.

"पाच लढाया, एकही जहाज बुडवलं नाही, बुडलं नाही," भाची म्हणाली. "मग हे सगळं कशासाठी?"

मी तिला दुसरी कॉफी घेऊन दिली.

३१ ऑगस्ट, परंगीपेट्टै

टायर पंक्चर, वर पाऊस. पोर्तो नोवो म्हणजे आताचं परंगीपेट्टै. वेल्लार नदीच्या मुखाशी मासळीच्या होड्या, अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र, आणि चिखल. सुफ्रेननं फ्रेंच सैन्य इथे उतरवलं. आदल्याच वर्षी, १ जुलै १७८१ ला, इंग्रज सेनापती आयर कूटनं हैदरला इथेच हरवलं होतं. रात्री चिदंबरमला मुक्काम, गरम पोंगल, झोप.

१ सप्टेंबर, तरंगंबाडी ते नागपट्टिनम

तरंगंबाडीचा डॅन्सबोर्ग किल्ला १६२० चा, डेन्मार्कचा. समुद्राच्या इतका काठावर की पुढची लाट दारात येईल असं वाटतं. डॅनिश तटस्थ, त्यामुळे १७८२ मध्ये इथे सगळ्यांचे व्यापारी आणि सगळ्यांचे हेर. पुढे कारैकल. ते फ्रेंचांकडे १७३९ मध्ये तंजावरच्या भोसल्यांकडून गेलं. मराठी माणसाला या किनाऱ्यावर दर तीस किलोमीटरला आपलं कुणीतरी काहीतरी विकलेलं सापडतं.

नागपट्टिनमला पोचेपर्यंत संध्याकाळ. मासळी बंदराजवळ त्सुनामीच्या स्मृतिस्थळापाशी थांबलो. २००४ च्या डिसेंबरात एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तिथे इतिहास काढायला तोंड उघडेना. जाळं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला चहा पाजला, कुठून आलात विचारलं. मुंबई म्हटल्यावर 'ससून डॉक' एवढंच म्हणाला आणि खूश झाला.

रात्री खोलीवर मात्र ६ जुलै १७८२ ची लढाई सांगितलीच. नागपट्टिनम डचांचं, इंग्रजांनी घेतलेलं. सुफ्रेनला ते हवं होतं, ह्यूज आधी येऊन उभा. अकराला अकरा. भर दुपारी वारा असा फिरला की दोन्ही रांगांची गुंतवळ झाली. त्या गोंधळात 'सेव्हेर' जहाजाचा कप्तान सिलार घाबरला आणि त्यानं निशाण उतरवलं, म्हणजे शरण आलो. त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी ते मानलं नाही. निशाण पुन्हा चढवलं आणि तोफा चालू ठेवल्या. नंतर ह्यूजनं निरोप पाठवला, ते जहाज आमचं आहे, द्या. सुफ्रेननं दिलं नाही. सिलारला त्यानं मायदेशी पाठवून दिलं. त्या दिवशी फ्रेंचांचे १७८ मेले, इंग्रजांचे ७७. इंग्रज तोफा जहाजाच्या अंगावर मारायचे, फ्रेंच डोलकाठ्या-शिडांवर. म्हणून फ्रेंचांची माणसं जास्त मरायची आणि इंग्रजांची जहाजं जास्त लंगडायची.

२ सप्टेंबर, समुद्रावर आणि नंतर बसमध्ये

पहाटे पासपोर्ट, तपासणी, वजनकाटा. नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या कांकेसनतुरैला प्रवासी बोट जाते, चारेक तासांत. समुद्र शांत होता. भाचीला तरी लागला. ती डोळे मिटून पडली असताना मी तिला सुफ्रेनच्या खाण्याच्या गोष्टी सांगायला लागलो, तर तिनं हातानं गप्प केलं. वाचकांना सांगतो. त्याला भेटलेल्या एका इंग्रज वकिलानं लिहून ठेवलंय की हा माणूस फ्रेंच सरदार कमी आणि इंग्रज खाटीक जास्त दिसत होता. कपडे गबाळे, शिव्या प्रोव्हान्सी, आणि जेवण अफाट. १७८२ चा पावसाळी वादळांचा हंगाम त्यानं सुमात्रातल्या आचेला काढला. ह्यूज अर्थातच मुंबईला. आचेमध्ये एकदा तो जेवायला बसला असताना गावकऱ्यांचं शिष्टमंडळ आलं. सुफ्रेननं निरोप धाडला, जेवताना दुसरं काही करणं आमच्या धर्मात निषिद्ध आहे. मंडळी त्याच्या धर्मनिष्ठेचं कौतुक करत परत गेली.

जाफन्याहून बस. सहा तास. त्रिंकोमालीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. १७८२ च्या याच तारखेला ह्यूजही इथे पोचला होता आणि समोरचं दृश्य बघून हबकला होता. त्याबद्दल उद्या.

३ सप्टेंबर, त्रिंकोमाली

सकाळी फ्रेडरिक किल्ल्यातून स्वामी रॉकवरच्या कोणेश्वराला. किल्ल्यात ठिपक्यांची हरणं मोकाट फिरतात. एकानं भाचीच्या पिशवीतलं केळ बिनदिक्कत काढून घेतलं. देवळाच्या पलीकडे कडा सरळ समुद्रात उतरतो. मागे वळून पाहिलं की आतलं बंदर दिसतं, आणि आठ दिवस उघडा किनारा बघून आलेल्या माणसाला ते बघताना गलबलून येतं. चहूबाजूंनी टेकड्या, आत खोल निळं पाणी, वारा लागत नाही, लाट येत नाही. मी कठड्याला धरून बराच वेळ उभा होतो. भाचीला वाटलं देवाला हात जोडतोय.

इंग्रजांनी हे बंदर जानेवारी १७८२ मध्ये डचांकडून घेतलं होतं. ऑगस्टअखेर सुफ्रेननं अचानक येऊन सैन्य उतरवलं आणि पाच-सहा दिवसांत दोन्ही किल्ले शरण आले. २ सप्टेंबरला ह्यूज मदत घेऊन आला तेव्हा किल्ल्यांवर फ्रेंच निशाणं होती. सुफ्रेनला आता बाहेर पडायची गरज नव्हती. त्याच्या काही अधिकाऱ्यांनी तसं सुचवलंही. पण चौदा जहाजं आपली, बारा त्यांची, हे बघून त्याला राहवेना. तो ३ तारखेला बाहेर पडला.

आणि पुन्हा तेच. रांग विस्कटली, खुणा कुणी पाहिल्या नाहीत, 'हेरो', 'इल्युस्त्र' आणि 'आजॅक्स' ही तीनच जहाजं मधोमध अडकली. त्या दिवशी फ्रेंचांचे ८२ मेले, त्यातले ६४ या तीन जहाजांवरचे. 'हेरो'ची मुख्य डोलकाठी निशाणासकट कोसळली. इंग्रजांनी आरोळी ठोकली, त्यांना वाटलं शरण आला. सुफ्रेन डेकवर धावत ओरडत होता: निशाणं आणा, पांढरी निशाणं, जहाजाभोवती सगळीकडे लावा! (फ्रेंचांचं निशाणच तेव्हा पांढरं होतं.) संध्याकाळी वारा फिरला, मागची जहाजं आली, तो वाचला. परतताना 'ओरियाँ' जहाज या खाडीच्या तोंडाशी खडकावर चढलं आणि गेलं. पण त्याच्या डोलकाठ्या वाचवल्या, आणि त्या ज्यांच्या तुटल्या होत्या त्या जहाजांना लावल्या. पुस्तकात हे एका ओळीत येतं. लाटेवर अर्धवट फुटलेल्या जहाजातून अखंड डोलकाठी सोडवणं, पाण्यातून ओढत आणणं आणि क्रेनशिवाय दुसऱ्या जहाजात उभी करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मला गोदीत, क्रेन असूनही, एकदा चार दिवस लागले होते.

इथून निघून तो फ्रान्सला पोचला तो १७८४ मध्ये. वाटेत केपला इंग्रज कप्तान त्याच्या जहाजावर मुजरा करायला आले, ज्यांच्याशी तो पाचदा लढला होता तेच. या सन्मानानं सगळ्यांत जास्त आनंद झाला, असं त्यानं लिहिलंय. तुलाँला जंगी स्वागत, राजाकडून खास निर्माण केलेलं व्हाइस अॅडमिरलचं पद. ८ डिसेंबर १७८८ ला पॅरिसमध्ये मेला. आजारानं की द्वंद्वयुद्धातल्या जखमेनं, यावर दोन कथा आहेत. पुढच्या क्रांतीत त्याची कबरही राहिली नाही. सॅं-त्रोपेच्या धक्क्यावर पुतळा आहे, आणि फ्रेंच आरमाराच्या नव्या अणुपाणबुडीला त्याचं नाव.

दुपारी ऑस्टेनबर्ग किल्ला पाहायचा होता. तो श्रीलंकेच्या नौदलाच्या गोदीच्या हद्दीत. फाटकावर अडवलं, परवानगी हवी म्हणाले. बरोबरच होतं, आमच्या फाटकावर मीही असल्यांना आत सोडलं नसतं. तरी पाकिटातलं जुनं ओळखपत्र काढून दाखवलं. चौकीतल्या पोरानं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"रिटायर्ड?"

"रिटायर्ड."

"माझे वडील इथेच होते," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "सुतार."

आत काही सोडलं नाही. पण प्लास्टिकची खुर्ची दिली, गार पाणी दिलं, आणि फाटकाच्या जाळीतून जेवढं बंदर दिसत होतं तेवढं निवांत बघू दिलं. पलीकडून लाकडावर रंधा मारल्याचा आवाज येत होता. निदान मला तसा वाटला.

रस्त्यावर आल्यावर भाचीनं हॉटेलची पाटी शोधली, कोत्तू रोटी मागवली आणि माझ्यासमोर बसली.

"बरं," म्हणाली, "आज सूट. ती 'ओरियाँ'ची डोलकाठी त्यांनी आत उभी कशी केली असेल, सांग."